जुनी ऐरण पारखताना

जुनी ऐरण बघायला गेलेल्या माणसाचं लक्ष आधी कडांकडे जातं. कडा झिजलेल्या, माथ्यावर टवके उडालेले, अंगावर गंजाच्या खपल्या, असं काही दिसलं की माल टाकाऊ वाटतो. शेजारीच कुणी ग्राइंडर फिरवून लखलखीत केलेली, काळा रंग मारलेली ऐरण ठेवलेली असते आणि गिऱ्हाईक तिच्याकडे वळतं. माझा सल्ला उलटा आहे. गंजलेली ऐरण आहे तशी समोर असते, तिचे दोष डोळ्यांना दिसतात. लखलखीत ऐरणीबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायचा, की एवढी चकाकी आणताना तिच्या माथ्यावरचं किती पोलाद गेलं?

कारण पैसे मोजायचे ते त्या पोलादाचे. तापलेलं लोखंड दोन्हीकडून ठोकलं जातं, वरून हातोडा आणि खालून ऐरण. माथा कठीण असेल तर हातोडा उसळून वर येतो, पुढच्या घावासाठी हात उचलायला मदत होते आणि घावाचा जोर लोखंडात उतरतो. माथा मऊ असेल तर जोर ऐरणीतच जिरतो, माथ्यावर खळगे पडतात आणि तासाभरात खांदा भरून येतो. हल्ली सुऱ्या, कोयते, खुरपी स्वतः घडवायला निघालेली बरीच तरुण मंडळी भेटतात. भट्टी आणि भाता त्यांना घरी जमवता येतो. ऐरण मात्र विकतच घ्यावी लागते आणि नेमकी तिथेच फसगत होते.

आपल्याकडच्या बाजारात तीन जातीच्या ऐरणी दिसतात. पहिला देशी ठोकळा. चौकोनी किंवा किंचित निमुळता, ना चोच ना भोकं. गावोगावच्या लोहारांनी पिढ्यान्‌पिढ्या यावरच विळे-कोयते घडवले, नांगराचे फाळ शेवटले. याला कमी लेखू नका. चोच नसली तर वाकवण्याच्या कामाला वेगळी युक्ती करावी लागते एवढंच. ठोकायला लागणारं वस्तुमान नेमकं घावाखाली असतं आणि एक बाजू खराब झाली तर ठोकळा पालथा घालता येतो. म्हणून ठोकळा बघताना वरची बाजू बघून थांबू नका. तो लोळवून सगळ्या बाजू तपासा. कित्येकदा वर्षानुवर्षं मातीत गाडलेली बाजूच सर्वांत चांगली निघते.

दुसरी जात विलायती घाटाची. एका बाजूला शंकूसारखी चोच, तिच्या मागे माथ्यापेक्षा थोडी खालची पायरी, मग सपाट माथा, आणि शेपटीकडे एक चौकोनी व एक गोल भोक. हा घाट इंग्लंडातून आला. रेल्वेच्या परळ-माटुंग्याच्या कार्यशाळा, खडकीचा दारूगोळा कारखाना, गोद्या, गिरण्या अशा ठिकाणी लोहारखाना असेच. लोहारखाने बंद पडत गेले तसा त्यांतला माल भंगारात उतरला. यात डडलीच्या पीटर राइटचं किंवा शेफील्डच्या माउसहोल फोर्जचं नाव अंगावर असलेली ऐरण मिळाली तर ती अगत्याने तपासा. त्यांचं धड घडीव लोखंडाचं आणि माथ्यावर साधारण अर्ध्या इंचाच्या आसपास जाडीची पोलादी पट्टी भट्टीतच ठोकून सांधलेली असते. स्वीडनच्या सॉडरफोर्स आणि कोल्सवा या ऐरणी संपूर्ण ओतीव पोलादाच्या. त्यांना पट्टी सुटण्याची भीतीच नाही.

तिसरी जात बीडाची. घाट विलायतीच असतो, रंग ताजा असतो, किंमतही मोहात पाडते. बीड कठीण वाटलं तरी ठिसूळ. कडेवर चुकून हातोडा बसला की कोपरा तुटतो आणि तुटलेली जागा करडी, रवाळ दिसते. पत्रा सरळ करायला, रिबिटं बसवायला ती चालेल. लोहारकामासाठी घेऊ नये, फुकट मिळाली तरी. ओळखायची खूण म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे जुळले तिथे चोचीच्या मधोमध, पुढून मागे जाणारी उंच रेघ. ती घासून टाकलेली असली तरी कमरेच्या खोबणीत सापडते. घडीव ऐरणीला अशी रेघ नसते. तिच्या चोचीखाली, शेपटीखाली आणि बुडात मात्र लहान चौकोनी भोकं असतात. घडवताना एवढा तापलेला गोळा उचलायला-फिरवायला कांब अडकवण्यासाठी ती ठेवलेली. ही भोकं बघून ‘ऐरणीला छिद्रं पडलीत’ असं समजून माल सोडणारे लोक आहेत. खरं तर ती चांगल्या मालाची खूण आहे.

विलायती ऐरणीच्या अंगावर बहुतेक वेळा तीन आकडे ठोकलेले असतात, मधे टिंबं देऊन. भंगारवाला त्याला मॉडेल नंबर म्हणतो, कुणी साल समजतं. ते वजन असतं, जुन्या इंग्रजी हंड्रेडवेटच्या हिशेबाचं. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, त्याला ११२ ने गुणायचं. दुसरा पाव हंड्रेडवेटचा, त्याला २८ ने. तिसरा सुटे पौंड. उदाहरणार्थ १·२·१० म्हणजे ११२ अधिक ५६ अधिक १०, एकूण १७८ पौंड, म्हणजे ८०.७ किलो. या पद्धतीत मधला आकडा तीनाच्या वर जाणार नाही आणि शेवटचा सत्तावीसच्या. गेला तर वाचण्यात चूक आहे किंवा आकडे दुसऱ्या कशाचे तरी आहेत. गंजामुळे आकडे दिसत नसतील तर तारेच्या ब्रशने घासून त्यावर खडू आडवा फिरवा, किंवा बॅटरीचा उजेड अगदी तिरका टाका.

हे वजन वाचता येणं फार कामाचं आहे. भंगाराच्या दुकानात काटा असतोच. ऐरण काट्यावर चढवून आजचं वजन ठोकलेल्या वजनाशी ताडून बघा. किलोभर फरक सोडून द्या, झीज आणि जुन्या काट्यांची ढिलाई त्यात येते. पण समजा ठोकलेलं वजन ८०.७ किलो आहे आणि काटा ७६ दाखवतो, तर पावणेपाच किलो लोखंड गेलं कुठे? अशा ऐरणीचा माथा साधारण ११ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब धरला तर एक मिलिमीटर थराचं वजन सुमारे साडेतीनशे ग्रॅम भरतं. शेपूट तुटलेली नसेल, चोच शाबूत असेल, तर एवढ्या तुटीचा अर्थ एकच निघतो. कुणीतरी माथा मशीनवर मारून सपाट केला आणि त्यात पोलादी पट्टी जवळजवळ संपवली. ऐरण आरशासारखी सपाट दिसेल आणि तिचा जीव गेलेला असेल. विकणारा मुद्दाम फसवत असेल असंही नाही. ‘साफ करून देतो’ म्हणून भल्या मनानेही हे केलं जातं आणि शंभर-शंभर वर्षं टिकलेल्या ऐरणी एका दुपारी निकामी होतात. मला याचा मनापासून राग येतो.

ठोकळ्यावर वजन कोरलेलं क्वचितच असतं. तिथे उलटा हिशेब करा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा. पोलादाचं वजन घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅमच्या आसपास भरतं, बीडाचं ७.२ च्या आसपास. १५ बाय १५ बाय २५ सेंटिमीटरचा ठोकळा पोलादाचा असेल तर ४४ किलो, बीडाचा असेल तर साडेचाळीस. ठोकळा नीट चौकोनी असेल आणि काटा खात्रीचा असेल तर हा फरक कळून येतो.

आता मुख्य परीक्षा. खिशात तीन वस्तू घेऊन जा: मोठ्या बेअरिंगमधली पोलादी गोळी, एक फुटाची पोलादी पट्टी आणि एक चांगली कानस. गोळी १२ ते २५ मिलिमीटर व्यासाची असावी, गॅरेजवाल्याकडे मागितली तर मिळते. माथ्यावरचा गंज पॉलिश पेपरने तेवढ्या जागी काढा, नाहीतर गंज उसळी खातो. पट्टी उभी धरा, २५ सेंटिमीटरवरून गोळी सोडा आणि डोळा पट्टीच्या पातळीला ठेवून ती कुठवर परत येते ते बघा. २० सेंटिमीटरपर्यंत आली तर माल उत्तम. १८-१९ आली तरी आनंदाने घ्या. निम्म्याच्या आसपास थांबत असेल तर माथा मऊ आहे. एक तर ते साधं, पाणी न दिलेलं लोखंड आहे किंवा पाणी उतरलेलं आहे. बीडावर गोळी जेमतेम पाच-सात सेंटिमीटर उठते आणि बद्दकन बसते.

गोळी एकदा टाकून समाधान मानू नका. माथ्यावर मनाशी चौकटी आखा आणि प्रत्येक चौकटीत टाका. कमरेच्या वरचा भाग सर्वांत चांगली उसळी देतो, शेपटीकडे ती थोडी कमी होते. ते स्वाभाविक आहे, कारण शेपटीखाली आधार नसतो. पण मधेच एखाद्या ठिकाणी गोळी एकदम मेल्यासारखी पडली तर तिथे पट्टी धडापासून सुटली आहे किंवा आत पोकळी आहे. ही जागा कामाच्या मध्यभागी असेल तर ऐरण सोडून द्या. एखाद्या कोपऱ्यात असेल तर भाव पाडून घ्यायला हरकत नाही. एक लक्षात ठेवा, गोळी माथ्याचं पोलाद सांगते, ऐरणीचा भारदस्तपणा सांगत नाही. रुळाच्या लहान तुकड्यावरही गोळी छान उसळते, म्हणून तो तुकडा पन्नास किलोच्या ऐरणीचं काम करत नाही.

मग आवाज ऐका. लहान हातोडीने, हलक्या हाताने, माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत टिचक्या मारत जा. कठीण माथ्यावर कठीण हातोडा जोराने कधीच मारू नये; पोलादाची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. या परीक्षेलाही चष्मा लावा. धड निर्दोष असेल तर आवाज खणखणीत आणि लांबणारा येतो. चालता चालता एका जागी तो बद्द झाला तर तिथे तडा किंवा सुटलेली पट्टी शोधा. माथ्याखाली बोटभर अंतरावर आडवी केसासारखी रेघ दिसते का ते बघा. ती रेघ नुसती सांध्याची खूण असेल तर तिच्यात नख किंवा पातळ पातं शिरत नाही. शिरलं तर पट्टी सुटू लागली आहे. कमरेवर आडवा तडा असेल तर मात्र दुसरं काही बघायची गरज नाही, उठा आणि घरी जा. आणि आवाज ऐकताना ऐरण कशावर ठेवली आहे हेही बघा. मातीत रुतलेली किंवा टायरवर ठेवलेली ऐरण चांगली असूनही गप्प वाटते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कुणी या छंदात असेल तर त्यांच्यासाठी एक अपवाद. तिथल्या फिशर कंपनीच्या ऐरणींचं धड बीडाचं आणि माथा पोलादी. त्या वाजत नाहीत, तरी गोळी झकास उसळवतात. अंगावर गरुड आणि जहाजाचा नांगर उठावात असतो. बीडाच्या ऐरणीविषयी मी वर जे म्हटलं ते यांना लागू नाही. ब्रुकलिनच्या हे-बडन कंपनीच्या ऐरणींवर वजन थेट पौंडात असतं, तिथे ११२ चा हिशेब लावू नका.

कानशीचं काम थोडं आहे. माथ्याच्या कडेला हलकी ओढून बघा. घसरली तर माथा कठीण, चावली तर मऊ. विलायती ऐरणीची चोच आणि पायरी मऊच असते. पायरीवर छिन्नीचे घाव दिसले तर घाबरू नका, तोडकाम करण्यासाठीच ती जागा आहे. तेच घाव माथ्यावर असतील तर मागचा मालक निष्काळजी होता असं समजायचं.

विकणाऱ्याची परवानगी असेल तर बुडाशी ग्राइंडर टेकवून ठिणग्याही बघता येतात. बीडाच्या ठिणग्या आखूड आणि मंद लालसर, पोलादाच्या लांब, पिवळ्या आणि टोकाला फुटणाऱ्या, घडीव लोखंडाच्या लांब पण फारशा न फुटणाऱ्या. मात्र बुडाच्या ठिणग्यांवरून पट्टी सांधलेल्या ऐरणीचा माथा कळत नाही.

कडांबद्दल आणि खळगीबद्दल लोक विनाकारण जीव टाकतात. कडा थोड्या गोल असणं चांगलंच, कारण धारदार कडेवर लोखंड वाकवलं की आतल्या कोपऱ्यात चीर पडते. कडेवर सलग चांगली जागा आहे का एवढंच बघा. माथ्यावर पट्टी आडवी ठेवून खालून उजेड किती दिसतो ते मोजा. मधोमध दोन-तीन मिलिमीटर खोलगटपणा असेल तर कामाला बाधा येत नाही, लांब पातं सरळ करताना उलट उपयोगच होतो. पाच-सहाच्या पुढे गेला तर विचार करा.

दुरुस्तीच्या खुणा मात्र बारकाईने शोधा. कडांवर वेल्डिंगचे थर, माथ्यावर रंगाचे वेगवेगळे पट्टे, एखाद्या जागी कानस चावते आणि शेजारी घसरते, हे सगळं वेल्डिंग झाल्याचं सांगतं. ऐरण आधी सगळी तापवून, योग्य रॉड वापरून केलेली दुरुस्ती टिकते. थंड ऐरणीवर साधा रॉड चालवला तर भोवतालचं पाणी उतरतं आणि आत चिरा पडतात. ज्याने हे काम केलं तो स्वतः समोर असून कसं केलं ते नीट सांगू शकत नसेल, तर मी तरी अशी ऐरण घेणार नाही. दुसरा छुपा दोष आगीचा. गोदामाला किंवा घराला आग लागून त्यात सापडलेल्या ऐरणीचं पाणी पार उतरतं. बाहेरून ती ठाकठीक दिसते, कडाही शाबूत असतात, फक्त अंगावर करडी, एकसारखी खपली असते. गोळी टाकली की लगेच कळतं. तिला पुन्हा पाणी देण्याच्या फंदात पडू नका. एवढं वस्तुमान लाल तापवणं आणि मग झपाट्याने थंड करणं घरच्या भट्टीचं काम नव्हे.

किती वजनाची घ्यावी? हातोड्याच्या पन्नासपट, असा एक ढोबळ हिशेब लोहारकाम करणारे धरतात. एक ते दीड किलोचा हातोडा वापरणाऱ्याला पन्नास ते पंचाहत्तर किलोची ऐरण पुरते. जोडीदार घण मारणार असेल तर शंभराच्या पुढे जा.

आता शोधायची कुठे. पुण्याचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचे भंगारवाले आणि चोर बाजार ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. चोर बाजारात हल्ली शोभेची वस्तू म्हणून भाव सांगतात, त्यामुळे तिथे घासाघीस अटळ. त्यापेक्षा तालुक्याच्या गावांतली भंगाराची दुकानं, बंद पडलेले साखर कारखाने, जुनी वर्कशॉपं धुंडाळा. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, एसटीच्या कार्यशाळा, सार्वजनिक बांधकाम खात्याचे यार्ड इथलं जुनं सामान जडसंग्रह नोंदवहीतून निर्लेखित होतं आणि लिलावात निघतं. लिलावात ऐरण सहसा एकटी नसते, टनभर लोखंडात मिसळलेली असते. तो लॉट उचलणाऱ्या व्यापाऱ्याला आधीच गाठून ‘ऐरण निघाली तर फोडू नका, भंगारापेक्षा जास्त देतो’ असं सांगून ठेवणं हा मला सर्वांत खात्रीचा मार्ग वाटतो. तुमच्या एका शब्दाने एक ऐरण भट्टीत वितळायची वाचते.

पावती घ्या. ऐरणीवर रेल्वेची अक्षरं असतील, किंवा इंग्रज सरकारच्या मालावर असायची ती बाणाची खूण असेल, तर तो माल लिलावातून आला याचा कागद मागा. रुळाच्या तुकड्याला तर हे दुपटीने लागू आहे. रुळाचा तुकडा उभा रोवला तर सुरुवातीला चांगलं काम देतो, पण रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा कब्जाविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि ‘भंगारवाल्याने दिला’ एवढं उत्तर तिथे पुरत नाही.

गावातल्या लोहाराकडे जाणार असाल तर आणखी काही गोष्टी. ज्याची भट्टी अजून पेटते त्याच्याकडे ऐरण मागू नका. पैशांची अडचण असेल तर तो कदाचित हो म्हणेल, पण त्याचं पोट त्या ऐरणीवर आहे. पालावर राहणाऱ्या घिसाडी कुटुंबांची जमिनीत रोवलेली छोटी ऐरण तर त्यांचं सगळं घर चालवते, तिच्यावर नजर टाकू नये. काम बंद झालेल्या घरात मात्र जरूर विचारा. दसऱ्याला तिची पूजा होत आलेली असते, अंगावर हळदकुंकवाचे थर असतात. तिच्यावर पाय ठेवू नका, बसू नका, आणि ‘हे भंगार केवढ्याला’ असं तर मुळीच म्हणू नका. ‘दादा, मी काम शिकतोय, ही चालती राहील’ हे खरं असेल तर तसं सांगा. कित्येक म्हातारी माणसं भावापेक्षा या वाक्याला मान देतात. जमलं तर त्यांना तिथेच दोन घाव मारून दाखवायची विनंती करा. ऐरण कशी वापरायची, कुठली कड चांगली, कुठे तडा आहे, हे ते स्वतःच सांगतील.

भाव ठरवताना भंगाराचा चालू दर आधी विचारून घ्या, तो तुमचा खालचा आकडा. वीस सेंटिमीटर उसळी देणाऱ्या, धडाला तडा नसलेल्या ऐरणीला त्याच्या दुप्पट-तिप्पट दिले तरी मी ते महाग म्हणणार नाही. मऊ माथ्याच्या ठोकळ्याला भंगारापेक्षा थोडंच अधिक द्या. बीडाच्या ऐरणीला लोहारकामासाठी काहीच देऊ नका.

घरी आणली की तारेच्या ब्रशने खपल्या काढा आणि थांबा. माथ्याला ग्राइंडर लावू नका. कडांवर धारदार टवके असतील तेवढेच कानशीने किंवा अगदी हलक्या हाताने ग्राइंडर फिरवून गोल करा. त्यात पोलाद निळं पडलं तर तेवढ्या जागेचं पाणी गेलं असं समजा. बाभळीच्या जाड ओंडक्यावर ती पट्ट्यांनी आवळून बसवा. ताठ उभं राहून मूठ वळलेला हात खाली सोडला की बोटांचे सांधे माथ्याला टेकावेत, एवढी उंची ठेवा. आवाज फार होत असेल तर कमरेभोवती जाड साखळी गुंडाळा आणि तरीही कानात बोळे घाला. पावसाळ्यात काम बंद राहणार असेल तर माथ्यावर तेलाचा हात फिरवून ठेवा. गोणपाट टाकून झाकू नका, ते ओल धरून ठेवतं.